चेहरा : सतरा सेकंद

लग्नाच्या व्हिडिओत नवरीनं कॅमेऱ्यात बघायचं नसतं. हा नियम कुठल्या कागदावर लिहिलेला नाही, पण आमच्या धंद्यात तो सगळ्यांना पाठ आहे. नवरदेवानं बघितलं तर चालतं. त्याच्या मित्रांनी बघून जीभ बाहेर काढली तरी चालतं. आचाऱ्यानं झारा उंचावून बघितलं तर ते आम्ही हौसेनं ठेवतो. नवरीची मान मात्र खाली पाहिजे. तिनं चुकून वर बघितलं, त्यात हसली, तर तो तुकडा बाजूला काढायचा. अशा तुकड्यांसाठी माझ्या कॉम्प्युटरवर प्रत्येक कामाला एक वेगळं फोल्डर असतं. त्याचं नाव ‘वगळ’.

मी नांदेडला व्हिडिओ एडिटिंग करतो. घराच्या वरच्या खोलीत दोन कॉम्प्युटर आहेत, त्याला मी स्टुडिओ म्हणतो आणि आमची सुलभा ‘वरची खोली’ म्हणते. शूटिंग करणारा वेगळा, मी वेगळा. तो कार्यालयात जाऊन जेवून येतो, माझ्याकडे फक्त कॅमेऱ्यातलं कार्ड येतं. पाच-सहा तासांचं चित्रीकरण असतं, त्याचा दीड तासाचा व्हिडिओ करायचा. लोकांना वाटतं, एडिटर जोडतो. खरं काम काढून टाकण्याचं आहे. पण ठेवलेलं सगळ्यांना दिसतं आणि काढलेलं कुणालाच दिसत नाही, त्यामुळं वीस-बावीस वर्षं हे काम करूनही मला कुणी कधी जाब विचारला नाही. म्हणजे, मुदखेडचे एक मामा सोडले तर.

ते नवरदेवाचे मामा. रेल्वेतून निवृत्त झालेले. व्हिडिओ नेल्याच्या चौथ्या दिवशी मनगटी घड्याळ हातात काढून घेऊनच ते माझा जिना चढले.

“आमच्या मंडळीच्या फेट्याला चाळीस सेकंद,” ते बसायच्या आधीच म्हणाले, “आन पोरीकडच्याच्या फेट्याला पंचावन्न. आम्ही काय गाडी बघायला आलतो का?”

मी म्हटलं, “मामा, सेकंद कोण मोजतं?”

“मी मोजले. तीनदा.”

त्यांच्या बाजूला मी पंधरा सेकंद वाढवून दिले. शिल्लक चित्रीकरणात एकच गोष्ट होती : त्यांचे थोरले बंधू आरशात बघून मिशी सारखी करत होते. ती ठेवली. दोन्ही बाजू समसमान झाल्या आणि मामा समाधानानं चहा पिऊन गेले. त्या दिवसापासून मी वही घातली. डाव्या बाजूला माणसाचं नाव, मग कुठून कुठपर्यंत, मग सेकंद. दोन्हीकडचे मामा, दोन्हीकडचे काका, आत्या, सरपंच, असल्यास आमदार. व्हिडिओ द्यायच्या आधी बेरजा जुळवायच्या. तेव्हापासून तक्रार आली नाही. जिल्ह्यात माझ्याइतका न्यायी एडिटर नाही असं मी मानत होतो, आणि वही उघडून सिद्धही करून दाखवत होतो.

त्याच मुदखेडच्या लग्नात नवरदेवाच्या आईनं फोनवर आणखी एक गोष्ट सांगितली होती. “ते पोरगी दात काढून बघून राहिली ना, ते आधी काढा बरं. लोक म्हणतील, हिला लग्नाची लईच घाई होती.” दीड सेकंदाचा तुकडा होता. मी काढला. त्याची नोंद कुठंच नाही, कारण पुढं वही घातली तरी तिच्यात नवरीच्या नावाची ओळच नव्हती. ती दीड तासाच्या व्हिडिओत सगळीकडे असते, मग मोजायचं काय, असा माझा हिशोब.

आता गाण्याकडे येतो.

हल्ली नांदेड-लातूरकडे ज्याच्याकडे ड्रोन आहे तो गाण्याचा व्हिडिओ काढतो, आणि ज्याच्याकडे नाही तो मित्राचा आणतो. लग्नसराई संपली की माझ्याकडे हीच कामं येतात. सगळ्यांचा ढाचा ठरलेला. आधी ड्रोनमधून किल्ला. मग धूळ. मग धुळीतून गाडी. मग गाडीतून बूट, आणि बुटांच्या वर नायक. नायिका तोवर कुठंतरी पाठमोरी उभी असते. तिला दुसरं काम नसतं. नायकानं हाक मारायची आणि तिनं हळूच वळायचं, एवढ्यासाठी तिला सकाळी सहापासून मेकअप करून बसवलेलं असतं.

असंच एक काम गजूदादांनी आणलं. दादा आमच्या भागातले युवा नेते आहेत. कशाचे नेते हे अजून ठरायचंय, पण त्यांच्या वाढदिवसाचे फलक दरवर्षी एका चौकानं वाढतात. त्यांचा व्हिडिओचा चॅनल आहे. (दादांचं नाव मी बदललं आहे. दादा हा अंक वाचतील अशी भीती नाही. हातात घेतलाच तर स्वतःचा फोटो कुठल्या पानावर आहे तेवढंच बघून ठेवतील.)

गाणं मात्र त्यांचं नव्हतं. ते प्रज्ञानं लिहिलेलं, तिनंच चाल लावलेली, तिनंच म्हटलेलं. प्रज्ञा बिलोलीची. वडील पंचायत समितीत कारकून होते. ती नांदेडला एका खाजगी दवाखान्यात एक्स-रे काढते आणि रोज एसटीनं जाऊन-येऊन करते. गाणं त्या एसटीवरच होतं. गाडी स्टँडवर लागली की पुरुष मंडळी खिडकीतून आत रुमाल टाकतात आणि रुमाल पडला ती जागा त्यांची झाली, हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. दाराशी रांगेत उभ्या असलेल्या बायका चढेपर्यंत गाडी रुमालांनी भरलेली असते. गाण्यातली मुलगी एके दिवशी आत चढते, खिडकीजवळच्या जागेवरचा रुमाल दोन बोटांत उचलते, ज्याचा त्याला परत देते आणि बसते. संपलं. एवढंच गाणं. “घ्या तुमचा रुमाल भाऊ, जागा मी घेते,” असं त्याचं धृपद. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सुलभा खालून पोळ्या टाकायच्या सोडून वर आली होती.

दादांनाही गाणं आवडलं. इतकं आवडलं की त्यांनी त्यात स्वतः यायचं ठरवलं.

मी धंद्यात सल्ला देत नाही, पण त्या वेळी म्हणालो, “दादा, या गाण्यात नायक नाही.”

दादा म्हणाले, “म्हणूनच तर मी आलो ना भाऊ.”

चित्रीकरण झालं. एसटीच्या जागी दादांची उघडी जीप आली, कारण एसटीत ड्रोन जात नाही. रुमाल मात्र राहिला. दादा जीपमधून जाताना तो हळूच खाली सोडतात, वाऱ्यावर तो तरंगत येतो, प्रज्ञा तो झेलते आणि छातीशी धरते. मागं तिचाच आवाज म्हणत असतो, घ्या तुमचा रुमाल भाऊ. दादांना मी हे दाखवलं. ते म्हणाले, “‘भाऊ’ला आपण तिथं ढोलकी वाढवू.”

दादांनी सांगितलं तसं मी जोडलं आणि काम पूर्ण केलं. व्हिडिओ त्यांच्या वाढदिवसाला चॅनलवर चढणार होता. प्रज्ञानं एका कागदावर सही करून दिली होती : गाणं दादांच्या चॅनलवर येईल, शेवटचं रूप दादा ठरवतील. तिला घाई नव्हती, पण दुसरा चॅनलही नव्हता. दवाखान्यात तिनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आणि एकदा व्हिडिओ चढला की पुढं लोकांच्या लेखी गाणं म्हणजे तोच व्हिडिओ, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

मधल्या काळात लातूरच्या एका कॉलेजातून फोन आला. तिथल्या एका विभागप्रमुखांच्या पुतणीच्या लग्नाचा व्हिडिओ मी केला होता आणि माझ्या वहीची कीर्ती त्यांच्या कानावर होती. त्यांच्याकडं कार्यशाळा होती. विषय : ‘दृश्यकथन आणि लिंगभाव : एक चिकित्सा’. मी म्हटलं, सर, विषय मला कळला नाही. ते म्हणाले, सोपं आहे, व्हिडिओत बाई कशी दाखवतात ते सांगायचं. एखादं ताजं गाणं घेऊन या, गायिकेलाही आणा, सत्कार करू.

दुसऱ्याचं काम परवानगीशिवाय दाखवायचं नाही हा माझा नियम. दादांना विचारलं. दादा म्हणाले, “चिकित्सा म्हणजे काय करतात?”

“तपासतात.”

“तपासू द्या. प्रमोशनच हाय.”

कार्यशाळेसाठी मी त्या गाण्याची वही केली. पहिल्यांदाच गाण्याची केली, आणि पहिल्यांदाच बाईचं नाव डाव्या रकान्यात लिहिलं. दोन दुपारी त्यात गेल्या. काम सोपं असतं : व्हिडिओ थांबवत थांबवत बघायचा आणि प्रत्येक तुकड्यात काय दिसतं ते लिहायचं. आकडे आले ते असे.

गाणं एकूण दोनशे अठ्ठावीस सेकंदांचं. त्यात दादा शहाण्णव. दादांशिवाय नुसती जीप बावीस. किल्ला, ऊस, पाखरं आणि तरंगता रुमाल मिळून एकोणचाळीस. प्रज्ञा एकाहत्तर. त्या एकाहत्तरमध्ये पाठ एकोणीस, पाय आणि पैंजण चौदा, वेणी-कानातलं-बांगड्या बारा, कंबर नऊ. उरला चेहरा : सतरा. त्या सतरापैकी अकरा सेकंद नजर जमिनीकडे आणि सहा सेकंद दादांकडे. समोर, म्हणजे बघणाऱ्याकडे, शून्य.

बेरीज तीनदा केली. जीप मुलीच्या चेहऱ्यापेक्षा पाच सेकंद जास्त होती.

लातूरला मी सकाळच्या गाडीनं गेलो. प्रज्ञा दवाखान्यातून रजा काढून आली होती. तिनं पूर्ण व्हिडिओ तोवर पाहिलेला नव्हता. दादांनी ‘सरप्राइज’ ठेवलं होतं. व्यासपीठावर आम्ही सहा पुरुष बसलो. बायकाही होत्या : एकीच्या हातात समईसाठी तेलाचं भांडं होतं, एकीच्या हातात गुच्छांचं ताट आणि तिसरी सूत्रसंचालन करत होती. विभागप्रमुखांनी प्रास्ताविक केलं. ते चाळीस मिनिटं बोलले. त्यात ‘अवकाश’ हा शब्द तेवीस वेळा आला; मोजायची सवय आहे, इलाज नाही. स्त्रीला दृश्यात अवकाश नाकारला जातो, असा मुद्दा होता. मुद्दा बरोबर होता. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीला दोनदा मध्येच थांबवून त्यांनी तो आणखी स्पष्ट केला.

मग दिवे मालवून गाणं लावलं. मी पडद्याकडे बघितलंच नाही, कारण मला ते पाठ होतं. प्रज्ञा पहिल्या रांगेत होती. मी तिच्याकडे बघत होतो. पडद्याच्या उजेडात तिचा चेहरा दिसत होता. पहिल्या कडव्याला ती पुढं सरकून बसली. रुमाल छातीशी धरला तिथं मुलांनी शिट्ट्या मारल्या, तेव्हा ती मागं टेकली.

दिवे लागल्यावर मी आकडे वाचले. मला भाषण येत नाही, नुसती वही वाचून दाखवली. जीप बावीस, चेहरा सतरा म्हटल्यावर सभागृह हसलं. ‘समोर शून्य’ म्हटल्यावर विभागप्रमुखांनी मान हलवली आणि काहीतरी टिपून घेतलं. मला जरा बरं वाटत होतं, खोटं कशाला बोला. दादांवर टाळ्या मिळत होत्या आणि त्या मी घेत होतो.

प्रश्नांच्या वेळी प्रज्ञा उठली. माईक घेतला नाही.

“काका, एक विचारू का? शून्य कसं काय?”

“मोजलंय ना, बाई.”

“तसं न्हाई. मी समोर बघून गायलेय की. शूटिंगवाले म्हणाले, कॅमेऱ्यात बघून म्हणा, ओठ जुळवायला लागतंय. सोळा वेळा म्हणून घेतलं माझ्याकडून. उन्हात. सोळा वेळा मी समोर बघून राहिलते. ते कुठं गेलं?”

मी वहीत बघितलं, जणू काही तिथं असेल.

“माझ्याकडं आहेत,” मी म्हणालो. “मी काढले.”

“दादांनी सांगितलं काढायला?”

मी आठवून पाहिलं. मनापासून आठवून पाहिलं, कारण हो म्हणता आलं असतं तर फार बरं झालं असतं. दादांनी ते तुकडे पाहिलेच नव्हते. कार्ड आलं त्या दिवशी मी एकेक तुकडा उघडत गेलो. मुलगी सरळ कॅमेऱ्यात बघतेय असं दिसलं की बोट आपोआप बटणावर गेलं आणि तुकडा ‘वगळ’मध्ये. सोळाच्या सोळा. विचार असा केलाच नव्हता. चहा पिता पिता झालं असेल.

“नाही,” मी म्हणालो. “सवयीनं काढले.”

विभागप्रमुख माईककडे झुकून म्हणाले, “हाच तो अवकाश.” चोवीस.

परतीच्या गाडीत प्रज्ञा माझ्या शेजारीच बसली होती. अहमदपूर मागं पडलं. मग म्हणाली, “काका, पाठ दाखवली, पाय दाखवले, त्याचं काही न्हाई. दादा हायेत, ते तसंच करणार. पण गाणं तर उलटंच झालं की हो. मी तो रुमाल परत देते. तिथं मी घेऊन बसले.” थोड्या वेळानं म्हणाली, “आठ दिवसांनी चढतंय. आई म्हणून राहिली, जाऊ दे, निदान तुझा आवाज तर हाय.”

मी म्हणालो, “रविवारी दुपारी ये. तोवर मी दुसरं करून ठेवतो. दादांना पटवायचं मी बघतो.” मला इतकं ठाम बोलायची सवय नाही. बोलून गेल्यावर खिडकीबाहेर बघत बसलो.

त्या आठवड्यात मी जुन्या लग्नांचे ‘वगळ’ शोधले. नुसतं बघावं म्हणून. एकही सापडलं नाही. हार्ड डिस्क भरली की आम्ही पहिल्यांदा तेच फोल्डर पुसतो. साडेतीनशेच्या वर लग्नं मी केली. त्यातल्या एकेका मुलीनं एकदा तरी मान वर करून बघितलं असणारच. ती माझ्याकडं यायची आणि जागा कमी पडते म्हणून जायची. दोन्हीकडच्या मामांचे सेकंद मात्र अजून वहीत आहेत, तारखेसह.

प्रज्ञाचं ‘वगळ’ ताजं होतं, म्हणून वाचलं होतं. शिवाय त्यात एक सतरावा तुकडा निघाला. दादा एका पाहुण्याला घ्यायला नांदेडला गेले तेव्हा कॅमेरावाल्यानं मोकळा वेळ बघून तिला बिलोली स्टँडवर उभ्या असलेल्या एका रिकाम्या एसटीत बसवलं होतं आणि सबंध गाणं एका दमात घेतलं होतं. हा तुकडा मी उघडलाही नव्हता. पहिलंच चित्र समोर बघणारं दिसलं, टाकून दिलं.

शनिवारपर्यंत मी नवं रूप तयार केलं, आणि वही समोर ठेवून केलं. दादा शहाण्णववरून एकवीसवर. जीप शून्य. रुमाल झेलायचा प्रकार गेला. चेहरा सतरावरून एकशे तीस. त्यातलं समोर बघणं एकशे चार. बेरीज बरोबर. असं चोख काम मी बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं.

रविवारी प्रज्ञा आली. सुलभा चहा घेऊन वर आली आणि तिथंच दाराशी उभी राहिली. मी गाणं लावलं. संपलं. मी वही पुढं केली.

प्रज्ञा वही बघून म्हणाली, “सेकंद बरोबर हायेत, काका.”

“मग?”

“ही मी न्हाई ना पण.”

मला कळेना. चेहरा तिचा, आवाज तिचा. मी पुन्हा लावलं. या वेळी सुलभा बोलली. “अहो, ही नुसती हसूनच राहिली की सगळीकडं.”

मी तुकडे तपासले. खरं होतं. सोळा टेकमधून जिथं जिथं ती गोड दिसली तेच मी उचललं होतं. घाम आला तिथं कापलं, भुवई चढली तिथं कापलं, ‘जागा मी घेते’ म्हणताना तिच्या नाकपुड्या फुगतात तिथं तर हमखास कापलं.

सुलभा म्हणाली, “इतकी वर्षं तुम्हाला पोरगी हसलेली चालत नव्हती. आता हसलेलीच तेवढी ठेवली. तिचं तिला ठरवू द्या की.”

मी खुर्चीवरून उठलो. माझ्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं मला चालत नाही, सुलभालाही नाही. प्रज्ञा बसली. माऊस कसा धरायचा हे तिला सांगावं लागलं नाही, एक्स-रेच्या कामात तिला हे रोजचंच. तिनं सतरावा तुकडा उघडला. एसटी, मळकट सीट, घामेजलेली ती. दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्याच्या मध्ये नुसतं वाजतं, शब्द नाहीत. तिथं ती गात नाही. खिडकीशी बसून समोर बघते, बस. हसत नाही, चिडलेलीही नाही. ज्याचा रुमाल परत केला तो माणूस अजून समोर उभा आहे आणि ही उठणार नाही, असं ते बघणं. नऊ सेकंद.

“हे असंच सगळं ठेवा,” ती म्हणाली.

“नऊ सेकंद फार होतात,” मी म्हणालो. “आमच्यात तीन सेकंदांच्या वर काही ठेवत नाहीत. लोक पुढं ढकलतात.”

“ढकलू द्या. उभं ऱ्हायलेल्या माणसाला नऊ सेकंद लईच वाटतात, मला माहीत हाय.”

ठेवलं. बाकीचंही तिनंच निवडलं, मी फक्त जोडत गेलो. हसलेले तुकडे तिनं दोन ठेवले.

दादा मंगळवारी आले, वाढदिवसाच्या दोन दिवस आधी. प्रज्ञा ड्युटी संपवून आली होती. मला वाटलं होतं, एकवीस सेकंद ऐकून दादा जिना उतरतील. पण लातूरच्या कार्यशाळेत आभार मानताना कुणीतरी ‘स्वतःचं काम तपासायला देणारे धाडसी निर्माते’ असं म्हटलं होतं, आणि ते बोलणं मोबाइलवर फिरत फिरत दादांपर्यंत पोचलं होतं. दादा खुशीत होते.

“कॉलेजात माझ्यावर चर्चा झाली म्हणे, भाऊ.”

“झाली.”

“स्त्री-सन्मानाचं करायचं आपल्याला आता. माझ्या डोक्यात ते आधीपासून होतं.”

मी गाणं लावलं. एकवीस सेकंदांवर त्यांनी घासाघीस केली. शेवटी सुरुवातीला ‘संकल्पना’ म्हणून त्यांचा हात जोडलेला फोटो पाच सेकंद टाकायचा, यावर मिटलं. प्रज्ञाला मी नजरेनं विचारलं, तिनं मान हलवली. पाच सेकंदांत जात असेल तर जाऊ दे, असा तिचा हिशोब असावा. माझाही तोच होता.

मग ते नऊ सेकंद आले. दादा खुर्चीत अवघडले. डावीकडे झुकून पाहिलं, उजवीकडे झुकून पाहिलं.

“ही अशी बघून का राहिली?”

मी व्हिडिओ तिथंच थांबवला.

“माझ्याकडंच बघून राहिल्यासारखी वाटतेय. हे काढा. इथं जीप घ्या माझी. गाणं तर चालूच ऱ्हाईल मागं.”

शेवटचं रूप दादा ठरवतील, या कागदावर प्रज्ञाची सही होती. ती भिंतीला टेकून उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, पडद्याकडेच बघत राहिली. तिथं ती स्वतः थांबलेली होती.

इथं बाहेरच्या माणसाला एक गोष्ट सांगायला पाहिजे. व्हिडिओत चित्र आणि आवाज यांच्या दोन वेगळ्या पट्ट्या असतात. वरच्या पट्टीतलं चित्र काढून तिथं जीप ठेवा नाहीतर म्हैस ठेवा, खालच्या गाण्याला काडीचाही धक्का लागत नाही. हे काम शिकणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशी कळतं. तोवर मी गिऱ्हाइकाला कधी खोटी तारीख दिली नव्हती, एका सेकंदाचं खोटं सांगितलं नव्हतं.

“दादा,” मी म्हणालो, “ते काढता येत नाही. ते नऊ सेकंद काढले तर पुढचं सगळं कडवं तालाबाहेर जातं.”

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. दादांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते प्रज्ञाकडे वळले. “खरं काय गं? तुला कळतं ना तालातलं?”

चाल तिची, ताल तिचा. चित्रानं तालाचं काय होतं आणि काय होत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार. ती जागची हलली नाही. तिनं दादांकडे सरळ बघितलं आणि घाई न करता उत्तर दिलं.

“हाव दादा. तुटतो ताल.”

दादांनी हनुवटी खाजवली. “मग ऱ्हाऊ द्या तसंच,” असं ते म्हणू लागले, आणि त्यांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत मी व्हिडिओ पक्का करायचं शेवटचं बटण दाबून टाकलं.